शेळ्या सीताफळाचा पाला खात नाहीत

मी एकदा दौलताबादच्या सार्वजनिक विहिरीवर, हंडा कमरेवर घेऊन, पंधरावीस बायकांसमोर ठासून सांगितलं होतं की शेळ्या सीताफळाचा पाला खातात. ज्यांनी आयुष्यात चार दिवस तरी शेळ्या वळल्या असतील ते आता हसत असतील. हसून घ्या. मलाही पंचवीस वर्षांच्या त्या पोरीकडं पाहिलं की आधी हसूच येतं. मॅट्रिक झालेली, इस्त्रीचं पातळ नेसणारी, बोलण्याआधी कपाळाला आठी घालणारी. आठी घातली की बोलणं खरं होतं अशी तिची समजूत होती. शेळी कशी चरते ते तिनं फक्त धड्यातल्या चित्रात पाहिलं होतं, आणि चित्रातली शेळी जे दाखवाल ते खाते.

पुढं हसण्यासारखं फारसं नाही, म्हणून आत्ताच हसून घ्या म्हटलं.

आश्विन उतरणीला लागला की मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत अजून सीताफळांची हातगाडी येते. "दौलताबादचे है अम्मा, शक्कर है शक्कर," गाडीवाला ओरडतो. दौलताबादची असोत की आणखी कुठली, मी घेते. फळ तळहातावर ठेवून बघायचं, डोळे उघडलेत का, डोळ्यांच्या मधल्या रेघा पिवळ्या झाल्यात का. मग तांदळाच्या डब्यात दोन दिवस. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की तो वास येतो, गोड, किंचित आंबूस, आणि त्या वासाखाली मला दुसरा एक वास येतोच. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, आणि विहिरीत टाकलेल्या पांढऱ्या पुडीचा. घरातल्या कुणाला तो येत नाही. मी सांगतही नाही. म्हातारीला भलते वास यायला लागले की घरचे लगेच डॉक्टरकडं नेतात.

माझी नात सई यंदा दिवाळीला लवकर आली. तिची नोकरी मोठी गमतीची आहे. मोबाइलवर फिरणारे निरोप खरे की खोटे हे दिवसभर तपासायचं आणि खोट्याला खोटं म्हणून लिहायचं. मी तिला सोनारीण म्हणते, कस लावत बसलेली. पण यंदा सोनारणीचं तोंड उतरलेलं होतं. सीताफळ खाताखाता तिनं मला मोबाइल दाखवला. सीताफळाच्या पानांचा काढा प्या, साखर कायमची जाईल, गोळ्या आजच बंद करा, असं काहीतरी होतं. वर हात जोडलेले, खाली गुलाबाचं फूल.

"हे मी तिसऱ्या वर्षी खोडतेय आजी. दर सीताफळात परत येतं. गाडीवाल्याच्या आधी हे येतं."

"मग खोड परत."

"खोडते. वाचतं कोण? ज्यांना हे मिळालं त्यांच्यापर्यंत माझं जातच नाही. ज्यांच्यापर्यंत जातं त्यांना आधीच माहीत असतं. उपयोग आहे का काही? खरं सांग. सोडून द्यावं वाटतंय."

मी तोंडात बिया धरल्या आणि मान डोलावली. उत्तर टाळायला सीताफळासारखं फळ नाही. तोंडात बी असली की माणसाला बोलायची सक्ती नसते. त्या वर्षी विहिरीवर कुणीतरी माझ्या तोंडात एक बी कोंबायला हवी होती.

दुष्काळ सरल्यानंतरचं ते साल. किल्ल्याचा डोंगर इतका हिरवा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि तो हिरवा म्हणजे जवळजवळ सगळा सीताफळाचाच. नवऱ्याची बदली तिथल्या कचेरीत झालेली. आमची सहा घरांची रांग, मागं बाभळी, पुढं विहिरीकडं जाणारी वाट. आश्विनात सकाळी दार उघडलं की टोपल्या घेऊन बाया स्टेशनाकडं निघालेल्या दिसत, फळांवर झाकलेला पाला दहिवरानं ओला, आणि तो हातानं चोळला तर उग्र, कडवट वास. माझी थोरली तेव्हा दीड वर्षाची होती. तिच्या सगळ्या बाळझबल्यांवर सीताफळाचे तांबूस डाग होते. ते कधी निघाले नाहीत. एक झबलं अजून आहे माझ्याकडं.

सकाळी सातच्या सुमाराला ठकूबाई यायची. धनगराची बाई, उंच, हाडापेराची, पायात जड चपला. आमच्याकडं शेळीचं दूध किटलीतून येत नसे, शेळीच दाराशी येई. ठकूबाई उंबऱ्यासमोर उकिडवी बसायची, शेळीचा मागचा पाय गुडघ्यात धरायची आणि आपल्याच भांड्यात आपल्याच डोळ्यांसमोर धार काढून द्यायची. भांडं आतून ऊन व्हायचं. ज्या घरात अंगावरचं दूध कमी तिथं ती आधी जायची. माझ्या थोरलीला पाहिलं की म्हणायची, "ही तुमची नाय बाई, माझ्या शेळीची हाय. बघा कशी उड्या मारतीया." मला त्याचा राग यायचा. मॅट्रिक झालेल्या बाईची मुलगी शेळीची कशी असेल?

शेजारी कमल राहायची. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, हसली की तोंडावर पदर घेणारी. तिचा मुलगा चार महिन्यांचा होता. तिचं दूध आटलं, म्हणून ठकूबाईची शेळी तिच्या दारात आधी थांबे. शेळीचं दूध तान्ह्या जिवाला जड, म्हणून त्यात निम्मं पाणी घालायचं, अशी आमच्याकडची रीत. सगळ्याच घालायच्या. कमलही घालायची.

नवरात्राच्या आसपास त्या पोराला उलट्या-जुलाब सुरू झाले. शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. परत आले तेव्हा कमलच्या हातात नुसतं दुपटं होतं, आणि ते तिनं अजून बाळाला धरतात तसंच धरलेलं होतं. हे मी लिहितेय खरं, पण याच्यावर आणखी काही लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका मला म्हणाल्या, "काय झालं असंल हो लेकराला? तुमी शिकल्या-सवरल्या, तुमाला कळत असंल."

एवढाच प्रश्न होता. "मला माहीत नाही" असं म्हणायला किती श्वास लागतो? पण त्या रांगेत वर्तमानपत्र वाचणारी बाई मी एकटी. पत्रं लिहून देणारी मी, औषधाच्या बाटलीवरचं वाचून सांगणारी मी. मला माहीत नाही म्हटलं असतं तर माझ्याजवळ उरलं काय असतं? मी आठी घातली. डोकं चालायला लागलं, आणि चाललं ते सरळ खड्ड्यात. सीताफळाच्या बिया वाटून लावल्या की उवा मरतात, डोळ्यात गेल्या तर डोळा जातो. म्हणजे झाड विषारी. ठकूबाईच्या शेळ्या चरतात किल्ल्याच्या डोंगरावर. डोंगरावर सीताफळंच सीताफळं. म्हणजे पाला खात असणार. म्हणजे दुधात विष.

"शेळ्या सीताफळाचा पाला खातात," मी म्हणाले. "दुधातनं बाधलं."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मला तर उंटही नव्हता, कमरेवरच्या हंड्याच्या जोरावर हाकल्या. आणि गंमत बघा, माझी स्वतःची मुलगी तेच दूध पीत होती, बिनपाण्याचं, आणि टणटणीत होती. माझ्या घरात पुरावा रांगत होता, नव्हे, उड्या मारत होता. पण हुशारी एकदा चढली की घरातलं दिसत नाही.

दुपारपर्यंत ते सगळ्या वस्तीत पोचलं. पोचलं ते वाढत. मी पाला म्हटलं होतं. तिसऱ्या प्रहरी त्याच्या बिया झाल्या, ठकूबाई बिया वाटून दुधात घालते. दुसऱ्या दिवशी असं निघालं की तिला लेकरू नाही, म्हणून दुसऱ्याची लेकरं तिला बघवत नाहीत. हे मी बोलले नव्हते. पण वाट मीच करून दिली होती, पुढं कोण कोण चालत आलं ते मी मोजणार कशी?

ती आली त्या सकाळी सहाही दारं बंद होती. मी आत चुलीपाशी उभी. बाहेर तिच्या चपलांचा आवाज, शेळीच्या गळ्यातली घंटी. कमलच्या दाराशी तो आवाज थोडा थांबला, मग माझ्या.

"बाई, भांडं आना. शेळी खोळंबलीया."

मी चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"बाई? पोरगी उठली नाय का अजून?"

थोरलीनं आतून हाक ओळखली आणि "बाआ" केलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या हाताला तिचा ओला श्वास लागत होता, आणि बाहेर ती बाई उभी होती. बऱ्याच वेळानं घंटी वाजत दूर गेली. आजही कुठं शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली की माझा हात आपोआप वर येतो, कुणाच्या तरी तोंडावर ठेवायला.

पुढच्या आठवड्यात रांगेतली आणखी दोन मुलं आजारी पडली. त्यांच्या घरी शेळीचं दूध कधी आलंच नव्हतं. मग आरोग्य खात्याचा माणूस आला, विहिरीत वाकून पाहिलं, धुण्याच्या दगडाचा ओघळ आतल्या कडेनं कसा पाझरतोय ते त्यानं बोटानं दाखवलं. पांढरी पूड टाकली. पाणी उकळून प्या म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं, उकळायला लागल्या, आणि ठकूबाईचं नाव कुणीही काढलं नाही. पाण्याचा दोष कळला, पण दुधावरचा गेला नाही.

माझ्या सासूबाई तेव्हा कन्नडला नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्या एसटीनं परतल्या, पिशव्या टेकवल्या, पाय धुतले आणि विचारलं, "ठकी येत नाय का गं?" मी सगळं सांगितलं. पाल्याचंही, थोडं सफाईनं. 

"अगं, शेळी सीताफळाला तोंड लावत नसती. कडू जहर पाला. शेळीनं खाल्ला असता तर डोंगरावर तेवढं एकच झाड उरलं असतं का?"

मी डोंगराकडं पाहिलं. रोज पाहत होतेच. बोर, बाभळ, सगळं शेळ्यांनी ओरबाडलेलं, आणि त्यांच्या मध्ये सीताफळ तेवढं भरगच्च. साऱ्या डोंगरानं ते लिहून ठेवलेलं होतं. वाचता येणारी बाई मी एकटी होते ना!

पुढं विहिरीवरच्या एका बाईनं मला सांगितलं, "मला ठावं व्हतं की. पर म्हनलं तुमच्या पुस्तकात तसं असंल." हे वाक्य मी सईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

सासूबाई निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळच्या. माझा जन्मच त्या धामधुमीतला, त्यामुळं मला त्यातलं काही आठवत नाही, त्यांना सगळं आठवायचं. त्या संध्याकाळी ज्वारी पाखडत म्हणाल्या, "आमच्या गावात तेव्हा कुनीतरी वरडलं, आले आले. अख्खं गाव दोन दिस ज्वारीत दडून बसलं. एका बाईनं लेकराच्या तोंडात बोळा दिला, आवाज नको म्हनून. आलं कुनीच नाय. लेकरू काळंनिळं पडलेलं, कसंबसं वाचलं. कोन वरडलं ते शेवटपत्तोर कळलं नाय." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुझं तर कळलंय. जा आन् सांग."

मी गेले. कशी गेले ते ऐका, कारण मला माझ्या खोट्याहून या खऱ्याची जास्त लाज वाटते. एकेका घरी, दुपारी, उंबऱ्याच्या आत, हलक्या आवाजात. "कुणीतरी म्हणत होतं ना पाल्याचं, तसं काही नसतं बरं का." कुणीतरी! बायका "हो का" म्हणाल्या. एक म्हणाली, असेलही, पण उगाच विषाची परीक्षा कशाला. दुसरी म्हणाली, पाल्याचं जाऊ द्या, पण बाई चांगली नाही, नजर वाईट आहे. तिसरीनं मला चहा दिला आणि माझ्या नव्या बांगड्यांची चौकशी केली. मी घरी येऊन पाय चेपत बसले, मोठं समाजकार्य केल्यासारखी.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पसरलं विहिरीवर, आन् आवरतीस उंबऱ्याआड व्हय?"

तोवर इकडं ठकूबाई शेळ्या विकायला लागली होती. दूध जात नाही तर शेळ्या ठेवून करणार काय? दौलताबादेत तिच्या शेळीला कुणी हात लावेना, म्हणून ती दोन-दोन करून कन्नडच्या बाजाराला न्यायची. तिकडं घेणारे बहुतेक खाटीक. शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती आणि मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

दिवाळी उरकल्यावर एका सकाळी मी विहिरीवर हंडा खाली ठेवला आणि मोठ्यानं बोलले. "ऐका सगळ्या. पाल्याचं मी बोलले होते. मीच. मला काही ठाऊक नव्हतं. शेळी तो पाला खात नाही. ठकूबाईच्या दुधात काही नव्हतं. पोर गेलं ते या पाण्यानं."

पोहरा पाण्यात पडल्याचा आवाज झाला. कुणी दोर ओढायची थांबली, परत ओढायला लागली. एक जण फिस्सकन हसली. "मग आता काय, शेळ्या परत आनायच्या का काय खाटकाकडनं?" दुसरी म्हणाली, "मोठ्या लोकांचं बरं असतं बाई, सकाळी एक, संध्याकाळी एक." झालं. एवढ्यासाठी मी चार रात्री झोपले नव्हते. वाटलं होतं आकाश कोसळेल, सांडले ते फक्त माझ्या हंड्यातले चार थेंब.

आणि मग पाहिलं, मागं कमल उभी होती. पोर गेल्यावर पहिल्यांदा पाण्याला आली होती.

वाटेनं परतताना ती माझ्या शेजारून चालत होती. म्हणाली, "म्हणजे ताई, दुधात मी जे पाणी घातलं, ते."

"सगळ्याच घालतात गं."

"हो."

सई, तू विचारतेस उपयोग आहे का. उपयोगाचं नंतर बघू. आधी हे बघ की खरं कुणाच्या पदरात पडतं. महिनाभर त्या पोरीला माझ्या खोट्याचा आधार होता. दोष एका धनगरणीचा होता, तिला शिव्या देऊन रडता येत होतं. तो आधार मी चव्हाट्यावर काढून घेतला आणि त्या जागी तिचाच हात ठेवला. खरं बोलून मी हलकी झाले, आणि माझं ओझं गेलं कुठं? तिच्याकडं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या कचेरीत तरी शिकवतात का?

कमल दाराशी थांबली. तोंडावर पदर नव्हता. "माझ्यासाठी दोन्हीकडून हात माझाच, ताई. पाजलं मीच. पण ठकूबाईचा हात तर सुटला ना." आणि दुसऱ्या दिवशी ती भांडं घेऊन सगळ्यांच्या देखत, भर सकाळी, विहिरीवरून वळसा घालून ठकूबाईच्या वस्तीवर गेली. घरात पाजायला कुणी नव्हतं. चहापुरतं दूध आणलं. रोज आणायला लागली. बाकीच्या पाच दारांतून बायका बघत राहिल्या. पाचव्यातून मीही. मला भांडं घेऊन जायला आणखी चार दिवस लागले, आणि माफी मागायला त्याहून कितीतरी जास्त.

खुरपायला बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही, जगातलं गवत संपलं का गं? तीही तसं म्हणत नाही. पुढच्या पावसाला ते परत येणार हे तिला माहीत असतं, तरी ती आपली ओळ धरून सरकत राहते. हे मी सईला सांगायला गेले आणि मलाच ते पुरतं पटेना. कारण खुरपून गवत निघतं, पण गवतानं जे रोप आधीच मारलं ते खुरपणीनं उभं राहत नाही. सईची नोकरी चांगली आहे, तिनं ती करावी असं मला मनापासून वाटतं. पण ती करून समाज सुधारेल का, असं कुणी माझ्याकडून लिहून मागितलं तर मी या वयात तरी आठी घालणार नाही. मला माहीत नाही. एक माणूस सुटतो कधीकधी. बहुतेक वेळा उशिरा सुटतो.

माघात आमची बदली झाली. सामान बांधून झाल्यावर मी थोरलीला कडेवर घेऊन ठकूबाईच्या वस्तीवर गेले. किल्ल्याच्या पडक्या तटाला लागून तिचं पालवजा घर. बाहेरचा शेळ्या कोंडायचा मोठा वाडगा रिकामा होता, काट्यांचा कूड एका बाजूनं आडवा झालेला, आत जुन्या लेंड्या वाळून पडलेल्या. दावणीला एकच करडी शेळी. ठकूबाई आता रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, हाताला चिंध्या बांधलेल्या. तिनं मला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. थोरलीनं तिच्याकडं झेप घेतली, तर तिनं तिला घेतलं आणि शेळीपाशी नेऊन उभं केलं.

मी म्हटलं, "ठकूबाई, मी सगळ्यांसमोर सांगितलं. विहिरीवर."

"कळलं मला."

"माझं चुकलं."

ती पोरीचा हात शेळीच्या पाठीवरून फिरवत होती. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. मी क्षमेची वाट बघत उभी होते, शिकलेली माणसं चूक कबूल केली की लगेच पावती मागतात. मग ती बोलली. तिचं बोलणं मी आजवर माझ्या शब्दांत कुणाला सांगितलेलं नाही, जसंच्या तसं सांगते.

"बाई, बारा शेळ्या व्हत्या माझ्या. एक राह्यली, ती तुमी खरं बोलल्या म्हनून. अकरा गेल्या, त्या बी तुमीच बोलल्या म्हनून. उद्या ही गोष्ट कुनाला सांगसाल, तर नुसतं एक सांगू नका. दोनी सांगा."